शेठच्या पत्तीत काही दोष नव्हता

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. रेडिओची गोष्ट टाळली असं नाही. ती मी इतक्यांदा सांगितली आहे, की घरी कुणी पाहुण्यानं जुन्या वस्तूंचा विषय काढला की सून निमूट चहा टाकायला उठते. टाळत आलो तो शेवट. "आणि मग ऐन कार्यक्रमात शेठची पत्ती जळली," इथे मी थांबायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. पत्ती जळली नव्हती. हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, तेव्हा आता बाकीचंही लिहून टाकतो.

ओमानमधल्या सोहारला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झालो आणि आम्ही दोघं मस्कतला, अल् खुवैरला मुलाकडे राहायला आलो. मुलाच्या जुन्या गाडीचा हॉर्न एके दिवशी कोंबडं आजारी पडल्यासारखा वाजायला लागला. कुणीतरी सांगितलं, अल अमेरातला वर्कशॉपच्या रांगेत एका मराठी माणसाचं सुट्या भागांचं दुकान आहे. गेलो. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा मुसलमान, वयानं माझ्याएवढाच, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात टेस्टर. मी म्हटलं, नवा हॉर्न द्या. त्यानं जुना काढला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "ह्यात मेलेलं कायच नाय. घसा बसलाय नुसता."

"तुम्ही विकायला बसलाय की दवाखाना काढलाय?"

"विकतो कनी. पण आधी बगा तर."

त्यानं हॉर्न उघडून माझ्यापुढे ठेवला. आत तारेचं वेटोळं, एक पातळ पत्रा आणि दोन एवढेसे पॉइंट. वीज आली की वेटोळं पत्र्याला खेचतं. पत्रा सरकला की पॉइंट सुटतात आणि वीज तुटते. वीज तुटली की पत्रा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा चिकटतात. "झालं. आपलंच आपण नाचत राह्यचं," शेठ म्हणाला. "बटण सोडीपर्यंत दम नाय."

मी इंजिनियर. मला हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दुपारी गल्ल्यावर उघडं पडलेलं बघणं वेगळं. मी बोलून गेलो, की पूर्वी गाड्यांत काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ असायचे, त्यांच्यात असंच यंत्र असायचं. व्हॉल्व्हला दोनशेच्या घरात व्होल्ट लागतात, बॅटरी देते बारा. ट्रान्सफॉर्मर वाढवून देईल, पण त्याला सरळ वाहणारी वीज चालत नाही, तुटक-तुटक लागते. ते तोडायचं काम एक थरथरणारी पोलादी पत्ती करायची.

शेठचा चहा हातातच राहिला. "म्हंजे हॉर्न रेडिओच्या पोटात?"

"तसंच म्हणा."

"मग आपण का नाय करायचा?"

त्या दिवशी मी हॉर्न न घेताच घरी आलो आणि बायकोला सांगितलं की आपण रेडिओ बनवतोय. ती म्हणाली, "आपण म्हणजे कोण? मी नाही."

पुढचे काही महिने आम्ही दोघं म्हातारे लग्नघरातल्या पोरांसारखे वागलो. आठवड्याभरातच अहो-जाहो गळून पडलं. तो मला इंजिनेर म्हणायचा, मी त्याला शेठ. कामाची वाटणी झाली: व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, गुंडाळ्या माझ्याकडे. पत्ती त्याची. खोका दोघांचा. खोका जुन्या पलंगाच्या फळ्यांचा केला आणि कडा घासून-घासून अशा गोल केल्या की कुणीही म्हणावं, आजोबांच्या काळातला आहे. मत्रहच्या बाजारात शेठला एक फुटका दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची पितळी किटली, मिळाला. तिच्या झाकणाची मूठ आमचं स्टेशन लावायचं बटण झाली. ते फिरवताना दर वेळी वाटायचं, आता कॉफी येईल.

पत्तीनं मात्र छळलं. आधी हॅक्सॉचं पातं लावून पाहिलं. ते इतकं ताठ की हलेचना. मग ट्यूनाच्या डब्याचा पत्रा. तो लाजल्यासारखा एकदा वाकायचा आणि तसाच राहायचा. शेवटी शेठनं कपाटातला कोरा करकरीत फीलर गेज काढला. फट मोजायला मेकॅनिक जी पातळ पोलादी पानं वापरतात, त्यांचा जुडगा. त्यातलं एक पान त्यानं सुपारी कातरावी तसं कापलं. मी हळहळलो. "गप," तो म्हणाला. "पोरीला देताना बाप हात आखडत नाय."

पानाच्या टोकाला त्यानं सोल्डरचा एक थेंब वजन म्हणून डागला. आता थरथर किती वेगानं व्हायला हवी याचा हिशोब मी केला होता. शेठला हिशोब नको होता. तो कान लावायचा आणि किडे सांगायचा. "आता भुंगा हाय." मी थेंब थोडा घासला. "आता गांधीलमाशी." अजून घासला. "मच्छर झाला, मेल्या, जास्त घासलास." मग नवा थेंब. दुकानातली मांजर आम्ही बॅटरी जोडली की समोरच्या टायरवाल्याकडे राहायला जायची. वायपर घ्यायला येणारा एक म्हातारा ओमानी ती गुणगुण ऐकून विचारता झाला, हे काय. शेठनं अरबीत सांगितलं, रेडिओ. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. रेडिओ कुठे आहे? "इन्शाल्ला येतोय," शेठ म्हणाला. पुढे तो गृहस्थ काहीही न घेता केवळ चौकशीला यायचा: इन्शाल्ला आला का?

हे सगळं कशासाठी, तेही सांगायला हवं. शेठला त्यावर रत्नागिरीचं केंद्र ऐकायचं होतं. त्याच्या मुलानं फोनवर अ‍ॅप लावून तेच केंद्र त्याच्या हातात ठेवलं होतं. शेठनं ऐकून फोन परत दिला. मला म्हणाला, "ह्यात मला फोननं ऐकवलं. माजं मी नाय ऐकलं." वर्षभरात दुकान आवरून तो गावी परतणार होता. इतकी वर्षं इकडे राहून त्यानं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू विकल्या. जाण्याआधी एक तरी वस्तू स्वतः केलेली, आणि ती चार लोकांपुढे वाजलेली त्याला हवी होती. मुलांपुढे विशेष. मुलांना वाटायचं, अब्बांना आता दुकान झेपत नाही म्हणून हे खेळ सुचतात.

अमेरात डोंगरांच्या वाटीत आहे. तिथे रेडिओच्या लहरी नीट पोचत नाहीत. म्हणून पहिली चाचणी सीबच्या किनाऱ्यावर केली. वाळूत दुकानातून आणलेली बॅटरी, तिच्यावर खोका, मासे धरायच्या काठीला बांधलेली एरियलची तार. सूर्य बुडाला. शेठनं तिथेच मगरिबची नमाज पढली, पायजमा झटकला आणि म्हणाला, "यल्ला, इंजिनेर." मी बॅटरी जोडली. खोक्यात भुंगा जागा झाला. व्हॉल्व्हच्या काचेत निखाऱ्यासारखा उजेड आला. मी दल्ल्याची मूठ फिरवू लागलो. अरबी, फारसी, कुठलंसं संगीत, नुसती खरखर, आणि मग समुद्रावरून, आमच्या भुंग्याच्या आडून, एका बाईचा आवाज. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडले असतील तर काय फवारावं, हे ती सांगत होती.

शेठच्या मालकीचं आंब्याचं एकही झाड नव्हतं. पण घरातल्या कुणाचं दुखणं डॉक्टर समजावतोय अशा चेहऱ्यानं त्यानं ते ऐकलं. फवारणी संपली, तसा तो उठला आणि त्यानं वाळूत उड्या मारायला सुरुवात केली. मीही मारल्या. माझे गुडघे, त्याची कंबर, सगळं विसरून. मग तो गाडीत शिरला आणि त्यानं हॉर्न दाबून धरला, त्यानंच दुरुस्त केलेला. किनाऱ्यावर फिरणारी दोन कुटुंबं लांबून वळसा घालून गेली. घरी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांना फवारणीचं प्रमाण सांगत होतो.

इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी सांगतो, आणि ती खरी आहे.

थंडीत इथली मराठी मंडळी बरका गावाजवळच्या एका शेतावर स्नेहसंमेलन करतात. त्यात त्या वर्षी आमचा रेडिओ ठेवायचं ठरलं. पत्रिकेत आधी माझं पाच मिनिटांचं भाषण, मग प्रत्यक्ष रेडिओ. सोहारचे माझे जुने सहकारी येणार होते, माझ्या हाताखाली शिकून आता मोठे साहेब झालेले. आणि मला भुंगा सतावू लागला. रत्नागिरी लागायची, पण तिच्यामागे शेठची पत्ती गुणगुणायची. वाळूत ते गोड वाटलं होतं. आता मी कल्पनेत बघायचो, की पुढच्या रांगेतला कुणी शेजाऱ्याच्या कानाला लागतोय.

कारखान्यात आमचा एक धर्मच होता. जिथे पंप, तिथे दुसरा पंप. ए चालतो, बी थांबून असतो. आमच्यात एकच पंप असलेली जागा म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा. जन्मभर मी स्टँडबायशिवाय काही उभं केलं नाही. सहलीला जातानाही दोन थर्मास घेतो. म्हणून मी काडेपेटीएवढी एक तयार इलेक्ट्रॉनिक पाटी मागवली, जी बाराचे दोनशे व्होल्ट मुकाट्यानं करते, आणि ती खोक्याच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या बैठकीखाली दडवली. आत एक छोटा खटका ठेवला. ए म्हणजे पत्ती, बी म्हणजे पाटी. आणि बीवर टाकलं तरी पत्ती नुसती थरथरत राहील अशी जोडणी केली. थरथर दिसायला हवी होती ना. शेठला मी सांगितलं नाही. स्टँडबाय असतं, त्यात सांगायचं काय, असं मी स्वतःला समजावलं. पण कारखान्यात बी पंप चालू असेल तर बाहेर दिवा लागतो. माझ्या खोक्याला दिवा नव्हता.

आणि थांबून राहायचं ते स्टँडबायही मी थांबू दिलं नाही. शेतावर पोचल्यावर, शेठ मुलांना जागा धरायला गेलेला असताना, मी मागची फळी सरकवली आणि खटका सरळ बीवर टाकला.

दुपारभर तो बंद खोका उन्हात टेबलावर होता. येणारा जाणारा त्याला हात लावत होता. संध्याकाळी माझं भाषण झालं. शेठ नवा कुर्ता घालून शेजारी उभा. बॅटरी जोडली, पत्ती थरथरली, मूठ फिरवली आणि स्वच्छ आवाजात रत्नागिरी बोलू लागली. बातम्या होत्या. टाळ्या पडल्या. शेठनं मला कोपरानं ढोसलं.

"इंजिनेर. गुणगुण गेली रं."

"हं."

"काल मी थेंबाला एक हात मारला व्हता. तुला सांगितला नाय." त्याचा चेहरा मी आजही विसरलो नाही. आपलं मूल शाळेत पहिलं आल्यासारखा.

बातम्या संपायच्या आत वास आला. मग फळीच्या फटीतून धुराची एक दोरी वर चढली आणि रत्नागिरी मधेच गप्प झाली. लोक "अरे अरे" करत पुढे सरकले. मी बॅटरी काढली. मला तेव्हाच कळलं होतं. पत्ती शेवटपर्यंत नीट थरथरत होती. ऊन, बंद खोका आणि वर तापलेले व्हॉल्व्ह, यांच्यात माझी पाटी भाजली होती.

मी माईककडे जायला हवं होतं. शेठ गेला. "माफ करा मंडळी," तो म्हणाला. "इंजिनेरचा रेडिओ एक नंबर हाय. पत्ती माजी. हॉर्नची अक्कल रेडिओत चालली नाय."

लोक प्रेमानंच हसले. त्याची मुलंही हसली, खाली बघून. धाकटा म्हणाला, "चला अब्बा, खलास, जेवून घ्या." माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, डिझाइन तुमचं बरोबर होतं. पार्ट दुकानातला."

मी हसलो. खरं म्हणजे तेवढंच केलं मी, हसलो.

परतताना गाडीत, सीब मागे पडल्यावर शेठ म्हणाला, "तुजं नाक कापलं मी. तुजी माणसं व्हती समोर. माफ कर, इंजिनेर."

"असू दे रे," मी म्हणालो. "होतं असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं. मोठ्या मनानं.

दुसऱ्या दिवशी घरी मी खोका उघडला, जळकी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि खाली जाऊन कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकली. वर येऊन खटका ए-वर केला, बॅटरी जोडली. भुंगा जागा झाला. मी लगेच बंद केलं. बायकोनं विचारलं, "झाला का दुरुस्त?" मी म्हटलं, "बघू."

मग सुरू झाले शेठचे व्हॉइस मेसेज. माझ्याकडे येऊन त्यानं पत्ती काढून दुकानात नेली होती आणि तिच्यातला दोष तो शोधत होता. "सापडला. पॉइंटची फट जास्त व्हती." मी उत्तर दिलं, असेल. "फट नाय रं, आता कळलं. पान उलट बाजूनं कापलं व्हतं." असेल. "इंजिनेर, ऐक, थेंबात हवा राह्यली व्हती." असेल, असेल. आवाजात इतका आनंद, की मला तो मेसेज थांबवून उठून जावं लागायचं. नसलेले दोष तो एकामागून एक दुरुस्त करत गेला आणि पत्ती खरोखरच सुधारत गेली. शेवटी दुकानात बसवून ऐकवली, तेव्हा ती इतकी मंद, इतकी एकसारखी गात होती की मांजर गल्ल्यावरून हलली नाही.

"आता कोण?" त्यानं विचारलं. "भुंगा की मच्छर?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. तेव्हा सांगता आलं असतं. तेवढ्यात तो ओमानी म्हातारा आला, विचारपूस झाली, चहा आला. चहानंतर सांगू म्हटलं.

शेठ गावी निघाला, त्या दिवशी विमानतळावर मी ठरवूनच गेलो होतो. तो रेडिओ मला ठेवून चालला होता, पत्ती मात्र बरोबर घेतली होती, फडक्यात बांधून शर्टाच्या खिशात. मी म्हटलं, पत्तीही राहू दे की. "नको," तो म्हणाला. "एकदा बिघडलेली वस्तू माणसानं आपल्याबरोबर न्यावी. दुसऱ्याच्या घरी ठेवू नये." त्याची मुलं आजूबाजूला होती. मी म्हटलं, शेठ, एक सांगायचं होतं. तो म्हणाला, "हिशोब सांगू नको, विमान चुकेल." सगळे हसले. मीही.

त्यानंतर एकदा मी नागपूरला लग्नाला गेलो होतो, तिथून चांगलीच वाट वाकडी करून त्याच्या गावी गेलो. वाक्य पाठ करत गेलो. घर खाडीवर, दाराशी एक बटण. ते दाबलं आणि भिंतीच्या आत पत्ती वाजली. तीच. मी हात काढून घेतला.

"थांब," आतून शेठचा आवाज आला. "अजून एकदा दाब. जोरानं नाय, धरून ठेव." मी धरून ठेवलं. तो दाराआड उभा राहून ऐकत असावा. मग दार उघडलं. दाढी अधिक पांढरी, हातात काठी, आणि पहिला प्रश्न, "ऐकलंस? दिवसात धा माणसं दाबतात. एकदा पण अडकली नाय. तवा दोष व्हता, आता नाय."

गावात येणाऱ्या प्रत्येकाला तो ही गोष्ट सांगायचा. परदेशात ती कशी ऐन वेळी जळली, आणि मग त्यानं कसा दोष हुडकून काढला. त्याची सून म्हणाली, "चाचा, मेकॅनिक पण येऊन बघून जातात." ती गोष्ट आता त्याची होती, आणि तिचा शेवट माझ्या वाक्यापेक्षा चांगला होता. मी तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीची मासळी पोटभर खाल्ली. निघताना त्याच्याच आग्रहानं पुन्हा एकदा बटण दाबलं. वाक्य तसंच घेऊन मस्कतला आलो.

यंदा रमजानच्या आधी त्याच्या मुलाचा फोन आला. अब्बा गेले. सगळं उरकल्यावर सांगतोय म्हणाला, माफ करा काका. त्यानंही माझीच माफी मागितली.

रेडिओ समोर आहे. पत्ती नाही, म्हणून मुका. दुसरी पाटी आणून तो चालवता येईल, आणलेली नाही. सून विचारते, बाबा, शोभेचा आहे का हा? मी म्हणतो, हो.

शेठ, पत्ती चांगली होती. पहिल्या दिवसापासून चांगली होती. त्या संध्याकाळी रेडिओ तिच्यावर चालतच नव्हता. मी तुझ्या पाठीमागे दुसरं बसवलं होतं, आणि जळलं ते माझं. माईकवर तू मागितलीस ती माफी माझी होती, गाडीत मागितलीस तीसुद्धा. मला माफ कर.